दानत आणि हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा यांचे निधन झाले. महाराष्ट्र सरकारने एक दिवसाचा दुखवटा पाळला, वरळीच्या स्मशानभूमीत शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झाले, आणि ज्यांचा त्या उद्योगसमूहाशी मिठाच्या पुडीपलीकडे कधी संबंध आला नव्हता अशा असंख्य माणसांना घरातले कोणी वडीलधारे गेल्यासारखे वाटले. हे दुःख खोटे नव्हते. त्याची टवाळी करणे हा उद्धटपणा ठरेल, आणि समाजवादी म्हणवणाऱ्याला तर तो मुळीच शोभणार नाही. परंतु त्या दिवसांत चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात आणि वर्तमानपत्रांच्या रकान्यांत जे बोलले गेले त्याकडे थोडे बारकाईने पाहावयास हवे. बोलणे होते ते साध्या राहणीचे, दातृत्वाचे, मुक्या प्राण्यांवरील मायेचे. त्यात कारखाना नव्हता, कामगार नव्हता, धरण नव्हते, भागधारकांची सभा नव्हती. त्यात माणूस होता. आणि तो चांगला होता, एवढ्यावर विषय संपत होता.

उद्योगधंद्यांकडे पाहण्याची आपल्या समाजाची रीत ही अशी आहे. मालक चांगला असेल तर उद्योग चांगला. मालक लबाड असेल तर उद्योग लुटारूंचा. एकाच घरात सकाळी एका उद्योगपतीला देशाचा भाग्यविधाता म्हटले जाते आणि संध्याकाळी दुसऱ्याला दरोडेखोर ठरविले जाते; या दोन मतांत वरवर जमीनअस्मानाचे अंतर दिसले तरी दोन्हींची जात एकच आहे. दोन्ही मते माणसाच्या दानतीविषयी आहेत. त्या माणसाच्या हाती किती लोकांचे जगणे आहे, ते कोणत्या नियमाने आहे, आणि त्याचा जाब त्याने कोणाला द्यावयाचा, हा प्रश्न दोहोंतही उद्भवत नाही. आपली भाषासुद्धा या बाबतीत बोलकी आहे. कारखानदारही ‘मालक’ आणि खेड्यातल्या बाईचा नवराही ‘मालक’. दोघांपैकी कोणालाही हिशेब विचारण्याची पद्धत नाही.

तथापि हिशेब विचारण्याची परंपरा या प्रदेशात नव्हतीच असे मात्र नाही. ती होती, आणि निरक्षर माणसांनी ती निर्माण केली होती.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पुढे काही आठवडे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरले. इंग्रज सरकारने त्याला दंगा म्हटले आणि इतिहासाच्या पुस्तकांत ते ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदले गेले. पण त्या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की, माणसे मारण्याकडे जमावाचा ओढा नव्हता. त्याला हवी होती खते, कर्जरोखे, हुकूमनामे. सावकाराने कागद मुकाट्याने हाती दिले तर पुष्कळ ठिकाणी त्याच्या अंगाला बोटही लागले नाही. कागद मात्र चव्हाट्यावर जाळले गेले. सावकार दयाळू आहे की क्रूर, हा मुद्दाच नव्हता. तो जे लिहून ठेवतो ते त्यालाच वाचता येते, त्यात भर तोच घालतो, आणि कोर्ट त्यावरच विश्वास ठेवते, हा मुद्दा होता. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कर्जदार शेतकऱ्याला भरलेल्या पैशाची पावती, वर्षाकाठी खात्याचा उतारा आणि मागितल्यास खातेपुस्तक मिळण्याचा हक्क दिला. कायदा अपुरा होता, सावकारांनी त्यातून वाटाही काढल्या. तरीही एक तत्त्व प्रस्थापित झाले होते: ज्याच्या व्यवहारावर दुसऱ्याची भाकरी अवलंबून आहे, त्याची वही त्याची एकट्याची नाही.

अवघ्या पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांनी, त्याच पुणे जिल्ह्यात हे तत्त्व पुन्हा कसोटीला लागले. या वेळी समोर सावकार नव्हता, स्वदेशी उद्योग होता. आणि म्हणून कसोटी कठीण होती.

मुळशी पेट्यात, नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून पाणी अडवावयाचे, ते घाटाखाली कोकणात भिरा येथे सोडून वीज निर्माण करावयाची आणि ती मुंबईला पुरवावयाची, अशी टाटांची योजना होती. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. लोणावळ्याच्या तलावांवरून खोपोलीला तयार होणारी वीज १९१५ पासून मुंबईत येऊ लागली होती आणि तिचे कौतुक सर्वत्र झाले होते. एका भारतीय घराण्याने परक्यांच्या राज्यात एवढे साहस करावे याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच होते. पण या वेळी पाण्याखाली जाणार होती ती सुमारे पन्नास गावे आणि मावळ्यांची आंबेमोहोर भात पिकवणारी खाचरे. जमीन घेण्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला गेला. म्हणजे खासगी कंपनीचे काम ‘सार्वजनिक’ ठरविण्याचा शिक्का परकीय सरकारने मारून दिला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ हे त्याचे ब्रीद होते. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी बहाल केली ती या लढ्यात. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आदी मंडळी त्यात होती. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला आणि मोडला. धरण १९२७ मध्ये पुरे झाले. ते आजही वीज देते आहे.

या लढ्याचा इतिहास राजेंद्र व्होरा यांनी साक्षेपाने लिहिला आहे. त्यातून पुढे येणारी एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यांची जमीन जाणार होती ते सारे एका बाजूला नव्हते. कसणारा मावळा एकीकडे आणि त्याच जमिनीवर गहाणखतांच्या जोरावर मालकी सांगणारे पुण्याचे सावकार-जमीनदार दुसरीकडे, अशी फूट होती. पहिल्याला जमीनच हवी होती; दुसऱ्याला भरघोस मोबदला चालणार होता. सुपे गावी ज्याची वही जाळली गेली होती, तो सावकार मुळशीत स्वदेशी उद्योगाशी सौदा करावयास बसला होता. लोकमताची ओढाताणही याच रेषेवर झाली. पुण्या-मुंबईतल्या पांढरपेशा वाचकाला टाटा आपले वाटत होते आणि मावळेही आपले वाटत होते. या पेचातून त्याने जी वाट काढली ती अजून आपली वाट आहे: मालक भला आहे, तेव्हा तो योग्य तेच करील; त्याला चार शब्द सांगून पाहावेत.

स्वतः गांधीजींनी एप्रिल १९२१ मध्ये ‘यंग इंडिया’त मुळशीविषयी लिहिताना टाटांना विनंती केली, ती अशी की, त्यांनी कायदेशीर हक्कावर अडून न राहता लोकांशी विचारविनिमय करावा. विनंती उदात्त होती. ती मान्य झाली नाही. आणि अमान्य केल्याबद्दल जाब विचारता येईल अशी जागा कुठेच नव्हती. ज्या कायद्याने जमीन घेण्याची सोय केली होती, त्याने विचारविनिमयाची सक्ती केलेली नव्हती. मालकाच्या सद्‌बुद्धीला केलेले आवाहन फसले म्हणजे उरते काय, याचे उत्तर मुळशीच्या शेतकऱ्याने धरणाच्या पाण्यात पाहिले.

विश्वस्तवृत्तीचा विचार या ठिकाणी आठवतो, आणि त्याच्यावर झालेला अन्यायही. गांधीजींचा विश्वस्त म्हणजे दानशूर शेठ, अशी समजूत उद्योगपतींनी करून दिली आणि लोकांनी करून घेतली. प्रत्यक्षात प्रा. मो. ला. दांतवाला यांच्या मदतीने तयार झालेला आणि गांधीजींनी स्वतः दुरुस्त केलेला विश्वस्ततेचा जो मसुदा पुढे १९५२ मध्ये ‘हरिजन’मधून प्रसिद्ध झाला, त्यात मालमत्तेच्या मालकीवर आणि वापरावर कायद्याने नियंत्रण आणण्यास वाव ठेवलेला आहे. किमान वेतनाबरोबर कमाल उत्पन्नाचीही मर्यादा ठरवावी असे त्यात म्हटले आहे. मसुद्याचा हा भाग कोणत्याही उद्योगपतीच्या कार्यालयात चौकटीत लावलेला आढळणार नाही. विश्वस्त या शब्दाचा साधा व्यवहारातला अर्थ तरी काय आहे? देवस्थानाच्या विश्वस्ताला जमाखर्च धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावा लागतो. हिशेब न देणाऱ्याला विश्वस्त म्हणत नाहीत.

जयप्रकाशांनी १९६५ मध्ये दिल्लीत उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीवर परिसंवाद घडवून आणला, तेव्हा त्यांच्या मनात हाच धागा होता. उद्योग हा ग्राहक, कामगार, भागधारक आणि समाज या सर्वांना उत्तरदायी आहे, असे त्या परिसंवादाच्या निवेदनात मांडले गेले. १९७० साली अमेरिकेत मिल्टन फ्रीडमन यांनी नफा वाढविणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी होय, असे ठणकावून सांगितले. त्याच वर्षी इकडे टाटांच्या पोलाद कंपनीने आपल्या नियमावलीत ग्राहक, कामगार, भागधारक, समाज आणि परिसरातील जनता यांच्याविषयीच्या सामाजिक व नैतिक जबाबदारीचे कलम घातले. पुढे १९७९ मध्ये तर त्या कंपनीने न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल, प्रा. रजनी कोठारी आणि प्रा. पु. ग. मावळंकर यांची समिती नेमून स्वतःची सामाजिक तपासणी करवून घेतली. या देशातल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या कंपनीला तोवर हे सुचले नव्हते, आणि त्याचे श्रेय जे. आर. डी. टाटा यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे. समितीवरची माणसेही कुणाची मिंधी नव्हती. पण समिती नेमली कोणी? संचालक मंडळाने. पुन्हा केव्हा नेमावयाची, हे ठरविणार कोण? संचालक मंडळच. वही उघडली गेली, परंतु ती मालकाने आपल्या मर्जीने उघडली. आणि मर्जीने उघडलेली वही मर्जीने मिटताही येते.

मर्जीचा आणि हक्काचा हा फरक मुंबईच्या गिरणगावाला जितका कळला तितका क्वचितच कोणाला कळला असेल. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि हजारो सह्यांचा अर्ज केला, त्यानंतर सहा वर्षांनी, १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. ती मालकांच्या संघाने मान्य केली हे खरे, पण तिला मालकांचे दान म्हणण्याची हिंमत कोणी केली नाही. याउलट १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा शहराचे मत काय होते? पहिल्या काही आठवड्यांची सहानुभूती ओसरली आणि कामगारच हट्टी, त्यांचा पुढारीच आततायी, असे शहाणे लोक बोलू लागले. दानतीची फूटपट्टी या वेळी कामगारांना लावली गेली. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच मान्यताप्राप्त युनियनची मक्तेदारी निर्माण केली होती आणि कामगारांना नको असलेली युनियनच त्यांच्या नावाने बोलत होती, हा झगड्याचा गाभा होता. तो समजून घेण्यास फारसे कोणी थांबले नाही. डॉ. सामंतांच्या डावपेचांवर टीका करण्यास भरपूर जागा आहे. पण डावपेच चुकले म्हणून मागणी चुकीची ठरत नाही.

आणि संपानंतर काय झाले? गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि तेव्हा सर्वांना एकदम आठवण झाली ती जमिनीची. सुमारे सहाशे एकर, तीही शहराच्या मध्यभागी. १९९१ च्या विकास नियमावलीने असे ठरविले होते की, गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करावयाचा तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी आता सगळ्या जमिनीची नव्हे, तर जिच्यावर बांधकाम नाही तेवढ्याच जमिनीची होणार होती. गिरणी म्हणजे मुळात बांधकामच. तेव्हा वाटणीस उरले किती, हे सांगावयास नको. प्रकरण न्यायालयांत गेले, उच्च न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने कौल दिला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. एका नियमातल्या काही शब्दांनी शहराचा शेकडो एकरांवरचा हक्क गेला. त्यासाठी कोणाही मालकाला दुष्ट असावे लागले नाही. त्यांतले कित्येक मालक रुग्णालयांना देणग्या देणारे असतील, त्यांच्या नावाच्या पाट्या आजही शाळांच्या भिंतींवर असतील. पाट्या वाचणारे शहर नियम वाचत नाही, एवढेच.

येथे एक गोष्ट कबूल करावी लागेल, आणि ती ऐकावयास डाव्या चळवळीच्या कार्यकर्त्याला गोड वाटणार नाही. मालक हटविला, सरकार आले, की उद्योग लोकांचा झाला, असे समीकरण दीर्घकाळ बाळगले गेले. १९८३ मध्ये मुंबईतल्या तेरा आजारी गिरण्यांचा ताबा सरकारने घेतला. पण राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची वही तरी कामगारांना कधी दिसली? २००५ मध्ये त्या महामंडळाने गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्या, तेव्हा सरकार आणि खासगी जमीनमालक यांच्या वागण्यातला फरक शोधूनही सापडेना. मालकाचे नाव बदलले होते. वही मिटलेलीच होती.

सहकाराचे उदाहरण याहूनही जिव्हारी लागणारे आहे, कारण त्यात महाराष्ट्राचा प्राण गुंतला होता. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरानगरचा साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. उसाचा भाव खासगी कारखानदाराने ठरवावा आणि शेतकऱ्याने मुकाट घ्यावा, ही स्थिती तिथे संपली. शेतकरी स्वतः सभासद झाला, वार्षिक सभेत उभा राहून ताळेबंदावर प्रश्न विचारू लागला. ज्यांच्या आजोबांनी सावकाराची वही जाळली, त्यांचे नातू वही स्वतः लिहू लागले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. पुढे त्या सभांचे काय झाले, किती कारखाने दोन-तीन घराण्यांच्या हाती गेले, किती कवडीमोलाने विकले गेले, हे सर्वश्रुत आहे. त्यावर वेळ घालविण्याचे कारण नाही. त्यापेक्षा एक जुनी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, जी सहकाराच्या ऐन भरातही होती. उसाचा मालक सभासद झाला, ऊस तोडणारा झाला नाही.

बीड आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे बैलगाड्या-ट्रकांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. म्हणजे हिशेबात बाई स्वतंत्र मजूर नाहीच, ती जोडीतली अर्धी आहे. हंगामाच्या आधी मुकादम ‘उचल’ देतो, ती पुढच्या पाच-सहा महिन्यांत तोडून फेडावयाची. एक दिवस काम बुडाले तर ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. कारखाना म्हणतो, हे मजूर आमचे नव्हेत, करार वाहतूकदाराशी आणि मुकादमाशी आहे. अशा रीतीने ज्या साखरेवर महाराष्ट्राचे राजकारण पोसले गेले, तिची पहिली तोड करणारी बाई कोणाचीच कामगार ठरत नाही. पाळीमुळे खाडा पडू नये म्हणून, आणि गावोगावच्या डॉक्टरांनी घातलेल्या भीतीमुळे, बीड जिल्ह्यातल्या शेकडो तरुण बायकांनी गर्भाशये काढून घेतल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. वर्तमानपत्रे हादरली. सुशिक्षित घरांतून हळहळ व्यक्त झाली आणि दोष कोणाचा हे ठरविताना पुन्हा दानतीचीच भाषा आली: मुकादम निर्दय, डॉक्टर लोभी. दोघेही असतील. पण खाड्याचा नियम कोणत्या कागदावर लिहिलेला आहे आणि त्या कागदावर कारखान्याची सही का नाही, हे विचारणारे थोडे होते.

अशा वातावरणात २०१३ चा कंपनी कायदा आला आणि त्यातल्या १३५ व्या कलमाने सामाजिक दायित्वाचा खर्च बंधनकारक केला. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम शिक्षण, आरोग्य, पर्यावरण अशा कामांवर खर्च करावयाची. २०२१ पासून न खर्चलेली रक्कम ठराविक निधीत भरण्याची सक्ती आणि दंडही आला. या पैशातून शाळांना खोल्या मिळाल्या, दवाखान्यांना यंत्रे मिळाली, पुष्कळ प्रामाणिक संस्था जगल्या. ते नाकारण्याचे कारण नाही. तथापि कलमाची रचना पाहा. नफा कसा मिळविला, हे ते विचारीत नाही. मिळविलेल्या नफ्यातले शंभरातले दोन रुपये कुठे दिले, एवढेच विचारते. उरलेल्या अठ्ठ्याण्णव रुपयांच्या पाठीमागे कोणाचा घाम, कोणाची नदी, कोणाची जमीन आहे, हा त्या कलमाचा विषय नाही. आणखी एक मौजेची तरतूद नियमांत आहे. केवळ स्वतःच्या कामगारांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी केलेला खर्च या दायित्वात धरला जात नाही. पळवाट बुजविण्यासाठी ती तरतूद आवश्यकच होती. पण तिचा परिणाम असा की, कंपनी आपल्या कंत्राटी कामगाराला पूर्ण वेतन न देताही शेजारच्या गावात वाचनालय उघडून समाजसेवेचा अहवाल छापू शकते. गावकरी फलकावरचे नाव वाचतात आणि कंपनी चांगली आहे म्हणतात. त्या गावचाच मुलगा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतो.

लोकमताला या कायद्याची भुरळ पडली यात नवल नाही. दान ही आपल्या ओळखीची गोष्ट आहे. दानाला दृश्य रूप असते, उद्‌घाटन असते, दाता असतो. हिशेब रूक्ष असतो. शिवाय हिशेब मागणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. तो उद्योगाचा शत्रू, विकासाचा वैरी ठरतो. ‘उद्योग आहेत म्हणून रोजगार आहे’ हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकले जाते. ते वाक्य खरे आहे आणि म्हणूनच अपुरे आहे. सावकार होता म्हणून बी-बियाणे मिळत होते, हेही १८७५ मध्ये खरेच होते. सुपे गावच्या शेतकऱ्यांना कर्ज नको होते असे नाही. कर्जाचा कागद आपल्यालाही दिसावा, एवढे त्यांना हवे होते.

कागद दाखविण्याची तजवीज या देशात अगदीच झाली नाही असे नाही. पण ती नेमकी उंबरठ्यावर येऊन थांबली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ४३-अ हे कलम आले, आणि उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांना सहभाग मिळावा म्हणून राज्याने पावले उचलावीत, असे त्यात सांगितले. आणीबाणीच्या काळोखात झालेल्या त्या दुरुस्तीतील बऱ्याच गोष्टी नंतर रद्द झाल्या. हे कलम राहिले. मात्र ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. १९९० साली कामगार-सहभागाचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले, त्याचा कायदा झाला नाही. २००५ च्या माहिती अधिकाराने ग्रामपंचायतीच्या खर्चापासून मंत्रालयातल्या फायलीपर्यंत पुष्कळ वह्या उघडल्या. खासगी कंपनी त्याच्या कक्षेबाहेर राहिली, आणि तिची सरकारकडे असलेली माहितीसुद्धा व्यापारी गुपित म्हणून अडविता येते. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात वायू पसरला तेव्हा त्यावर उपचार काय करावा हे रुग्णालयातल्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते, कारण कारखान्यात काय साठविले आहे आणि त्याने काय होते हे शहराला कोणी सांगितलेले नव्हते. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला देण्याचे बंधन घालण्यात आले. एवढ्या साध्या गोष्टीसाठी एवढी माणसे मरावी लागली.

अलीकडे सेबीने मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांकडून सामाजिक जबाबदारीचा विस्तृत अहवाल मागावयास सुरुवात केली आहे. त्यात कायम कामगार किती, कायम नसलेले किती, अशीही माहिती द्यावी लागते. ही चांगली सुरुवात आहे. पण तो अहवाल गुंतवणूकदारासाठी, इंग्रजीत आणि शेकडो पानांत असतो. कारखान्याच्या फाटकावर, मराठीत, एका पानात तो लावावा, अशी मागणी करावयास काय हरकत आहे? किती कामगार, त्यांतले किती कंत्राटी, सर्वांत कमी वेतन किती, सर्वांत जास्त किती, पाणी किती घेतले, सांडपाणी कुठे सोडले, सरकारकडून जमीन कोणत्या भावाने मिळाली, वर्षात किती अपघात झाले. एवढ्या ओळी. ग्रामसभेने त्यावर चर्चा करावी, कामगारांच्या प्रतिनिधीने त्यावर सही करावी. चांगल्या मालकाला यात भिण्यासारखे काही नाही, उलट त्याचे चांगुलपण त्याच्या वारसाच्या मर्जीवर अवलंबून राहणार नाही.

आणि साखर कारखान्यांच्या बाबतीत तर ही सुरुवात फाटकावरही करावयास नको, फडातून करावी. तिथे मुकादमाच्या खिशात एक छोटी डायरी असते. उचल किती, तोड किती टन, खाडे किती, फिटले किती, सारे तिच्यात असते. हंगाम संपला की मुकादम ती उघडून एक आकडा सांगतो आणि अजून इतके राहिले म्हणतो. पुढच्या दसऱ्याला कोयता पुन्हा त्याच्याच गाडीत चढतो. त्या डायरीची दुसरी प्रत तोडणाऱ्या बाईच्या हाती, तिच्या नावाने आणि कारखान्याच्या शिक्क्यासह असावी, यासाठी नव्या तत्त्वज्ञानाची गरज नाही. कर्जदाराच्या हाती खातेपुस्तक असावे, हे १८७९ च्या कायद्यात लिहिलेले होते.